उंचीचा हिशोब : सिन्सिनाटी नगरीचे मनोरे

दूरच्या प्रवासाहून परतताना आपले घर दिसण्याच्या बऱ्याच आधी चर्चचा मनोरा दिसतो, आणि मनोरा दिसला की गाव आले असे आपण समजतो. घरे ज्याची त्याची असतात. मनोरा मात्र साऱ्या गावाचा असतो. म्हणूनच एखाद्या नगरीचा इतिहास समजून घ्यावयाचा असेल, तर तिच्या कारभाऱ्यांची यादी वाचण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते. त्या त्या काळी या नगरीत सर्वांत उंच काय होते, आणि ते कोणाच्या पैशाने उभे राहिले?

न्यूयॉर्क आणि शिकागो येथील गगनचुंबी इमारतींची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. आज आम्ही वाचकांना घेऊन जात आहोत ते एका मध्यम आकाराच्या अमेरिकन शहरात. ओहायो राज्यात, ओहायो नदीच्या उत्तर काठी वसलेले हे शहर म्हणजे सिन्सिनाटी. २०२० च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ३,०९,३१७ होती. एवढ्याशा शहराच्या आकाशरेषेत मनोऱ्यांची एक सलग कथा वाचावयास मिळते. तिचा आरंभ एका महामंदिरापासून होतो, आणि त्या महामंदिराशी जोडलेली एक दुःखद हकिगतही तिच्यात आहे. आपण कॅथलिक आहोत म्हणून ती झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. उलट आपण कॅथलिक आहोत म्हणूनच ती आपण नीट वाचली पाहिजे.

नदीकाठची राणी

१७८८ च्या डिसेंबर महिन्यात या ठिकाणी पहिली वसाहत झाली. दोन वर्षांनी, १७९० मध्ये, तिला सिन्सिनाटी हे नाव मिळाले. राष्ट्रावर संकट आले तेव्हा नांगर सोडून सेनापती झालेला आणि संकट टळताच पुन्हा शेतावर परतलेला सिन्सिनाटस हा प्राचीन रोमन पुरुष. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील अधिकाऱ्यांनी त्याच्या नावाने एक मंडळ स्थापन केले होते. त्या मंडळावरून नगरीचे नाव पडले.

वाफेच्या बोटी ओहायो नदीतून ये-जा करू लागल्या आणि नगरीचे भाग्य उजळले. आसपासच्या शेतकऱ्यांची डुकरे येथे येत, मांस खारवून बोटींतून दक्षिणेकडे जाई. उरलेल्या चरबीपासून साबण आणि मेणबत्त्या होत. विल्यम प्रॉक्टर मेणबत्त्या करीत, जेम्स गॅम्बल साबण करीत. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. १८३७ मध्ये या दोन साडूंनी मिळून धंदा सुरू केला. पुढे तोच 'प्रॉक्टर अँड गॅम्बल' या नावाने जगभर पसरला. १८५० मध्ये १,१५,४३५ लोकवस्तीचे हे शहर अमेरिकेत सहाव्या क्रमांकाचे होते. 'राणी नगरी' असे त्याचे कौतुकाचे नाव होते आणि 'डुकरांचे शहर' असे थट्टेचेही.

या भरभराटीच्या ओढीने जर्मनी आणि आयर्लंड येथून हजारो गरीब कुटुंबे आली. त्यांत कॅथलिक मोठ्या संख्येने होते. शहर मुख्यतः नदी आणि टेकड्या यांच्यामधल्या खोलगट सपाटीवर वसले होते. टेकड्यांवर चढणे कष्टाचे, म्हणून सारी वस्ती या वाटीसारख्या जागेत दाटीने राहिली. १८७२ पासून टेकड्यांवर गाड्या ओढून नेणाऱ्या उतरत्या रुळांच्या सोयी झाल्या आणि लोक वर राहावयास जाऊ लागले. परंतु व्यापार खालीच राहिला. जागा थोडी, मागणी फार. अशा ठिकाणी इमारतींना वाढावयास आकाशाचीच दिशा उरते. सिन्सिनाटीची आकाशरेषा एका ठिकाणी एकवटलेली दिसते, तिचे मूळ या भूगोलात आहे.

श्वेत दगडांचा मनोरा

सिन्सिनाटीचा धर्मप्रांत १८२१ मध्ये स्थापन झाला. पहिले बिशप एडवर्ड फेन्विक हे डॉमिनिकन संघाचे. १८३२ मध्ये त्यांचा पटकीने अंत झाला. त्यांच्या जागी १८३३ मध्ये आले जॉन बॅप्टिस्ट पर्सेल. आयर्लंडमधील मॅलो गावी १८०० मध्ये जन्मलेले हे गृहस्थ पुढे पन्नास वर्षे या नगरीचे धर्माध्यक्ष राहिले, आणि १८५० मध्ये आर्चबिशप झाले.

१८४१ मध्ये पर्सेल यांनी नव्या महामंदिराची कोनशिला बसविली. हेन्री वॉल्टर या वास्तुशिल्पकाराने त्याची रचना केली. त्या काळी कॅथलिक मंदिरे बहुधा गॉथिक धाटणीने बांधीत. येथे मात्र प्राचीन ग्रीक मंदिराची धाटणी घेण्यात आली. पुढे स्तंभांची रांग, आणि तिच्यावर शुभ्र चुनखडीच्या दगडांचा एकच निमुळता मनोरा. त्याची उंची सुमारे २२० फूट. २ नोव्हेंबर १८४५ रोजी 'साखळदंडातील संत पेत्र' या नावाने महामंदिराचे समर्पण झाले. हेरोदाच्या तुरुंगात साखळ्यांनी जखडलेल्या पेत्राला देवदूताने सोडविले, ही 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथातील कथा वाचकांना ठाऊक आहेच.

त्या वेळी सिन्सिनाटीत या मनोऱ्याहून उंच असे काहीच नव्हते. नदीतून बोटीने येणाऱ्या परक्या माणसाला तो लांबून दिसे. जर्मनीतून आलेली मोलकरीण असो की आयर्लंडमधून आलेला हमाल. ज्या देशात त्यांची भाषा आणि त्यांचा धर्म यांकडे पुष्कळदा संशयाने पाहिले जाई, त्या देशातील एका मोठ्या शहराची सर्वांत उंच वास्तू त्यांची होती. या गोष्टीने त्यांना किती धीर दिला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

तो संशय केवळ कुजबुजीपुरता नव्हता. १८५३ च्या नाताळात पोपचे प्रतिनिधी आर्चबिशप गेतानो बेदिनी हे पर्सेल यांच्याकडे पाहुणे आले होते. युरोपातील क्रांती फसल्यावर परागंदा झालेल्या जर्मन मंडळींना ते जुलमी राजसत्तेचे साथीदार वाटत. नाताळच्या रात्री या लोकांचा मोठा मोर्चा महामंदिराच्या दिशेने निघाला. पोलिसांशी चकमक झाली, गोळीबार झाला आणि एक माणूस प्राणास मुकला. मनोरा उंच असला की तो जसा आपल्यांना दिसतो तसा विरोधकांनाही दिसतो.

मात्र पुढील काळात त्याच चौकात एक निराळे चित्र उभे राहिले. महामंदिरासमोर १८६६ मध्ये ज्यू समाजाने आपले प्रार्थनामंदिर बांधले. त्याला दोन मिनारांसारखे मनोरे आहेत. शेजारच्या कोपऱ्यावर १८९३ मध्ये घड्याळाच्या मनोऱ्याचे नगरभवन पुरे झाले. एकाच चौकात ग्रीक धाटणीचे कॅथलिक महामंदिर, मूर धाटणीचे ज्यू मंदिर आणि रोमनेस्क धाटणीचे नगरभवन. तिन्ही आजही उभी आहेत.

ठेवी आणि विश्वास

आता ती दुःखद हकिगत. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात अमेरिकेतील अनेक पेढ्या बुडाल्या. गरीब स्थलांतरितांचा पेढ्यांवरचा विश्वास उडाला. कष्टाने वाचविलेले चार डॉलर ठेवावेत कोठे? ते आपल्या धर्मगुरूंकडे गेले. आर्चबिशपांचे धाकटे बंधू फादर एडवर्ड पर्सेल हे व्हिकर जनरल होते. त्यांनी लोकांच्या ठेवी घेण्यास सुरुवात केली. ठेवीवर व्याज मिळे, आणि तो पैसा चर्चे, शाळा, अनाथालये यांच्या बांधकामास उपयोगी पडे. वाढत्या धर्मप्रांताला पैशाची गरज होती, गरिबांना सुरक्षित जागेची गरज होती. दोन्ही गरजा एकमेकींना पुरवीत होत्या. चाळीस वर्षे हे चालले.

परंतु फादर एडवर्ड हे काही पेढीवाले नव्हते. हिशोब ठेवण्याची त्यांची रीत फार ढिली होती. कोणाकडून किती घेतले, कोणाला किती दिले, कोणत्या इमारतीवर किती खर्चले, याचा नीट ताळमेळ नव्हता. १८७३ पासून अमेरिकेत पुन्हा मंदी आली. १८७८ च्या डिसेंबरात ठेवीदार पैसे परत मागू लागले आणि काही दिवसांतच तिजोरी रिकामी झाली. मोजणी झाली तेव्हा देणे पस्तीस-चाळीस लाख डॉलरांच्या घरात गेले. ठेवीदार हजारोंच्या संख्येने होते, आणि बहुतेक सगळे कामकरी.

वृद्ध आर्चबिशपांनी सारी जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यांनी राजीनामा देऊ केला. तो स्वीकारण्यात आला नाही. १८८० मध्ये विल्यम एल्डर हे उत्तराधिकाराच्या हक्कासह त्यांच्या मदतीस आले. फादर एडवर्ड १८८१ मध्ये वारले. धर्मप्रांताची सेमिनरी १८७९ मध्ये बंद करावी लागली. ती पुन्हा उघडण्यास १८८७ साल उजाडले. चर्चची मालमत्ता विकून ठेवी फेडता येतील की नाही, यावर खटले वर्षानुवर्षे चालले. चर्चे ही श्रद्धावंतांच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण केलेली आहेत, तेव्हा ती सरसकट विकता येणार नाहीत, असा न्यायालयाचा कौल पडला. मात्र ठेवींचा पैसा जेथे प्रत्यक्ष लागला होता तेवढा भाग वेगळा मानण्यात आला. ठेवीदारांच्या हाती आला तो त्यांच्या पैशाचा काही भागच. आर्चबिशप पर्सेल १८८३ मध्ये शहरापासून दूर, उर्सुलिन भगिनींच्या मठाच्या आश्रयाने राहत असताना निवर्तले.

येथे चोरी झाली, असे म्हणता येत नाही. दोघे भाऊ श्रीमंत होऊन मेले नाहीत. पैसा खरोखरच चर्चे आणि शाळा यांत गेला. तरीही आपल्या म्हातारपणाची शिदोरी गमावलेल्या धुणेवालीला या खुलाशाने काय मिळणार होते? सद्हेतू हा हिशोबाच्या वहीला पर्याय होऊ शकत नाही, हा धडा सिन्सिनाटीच्या कॅथलिकांनी फार मोठी किंमत देऊन घेतला. महामंदिराचा शुभ्र मनोरा तसाच उभा होता. त्याच्याकडे पाहणाऱ्यांच्या मनातले काहीतरी मात्र खचले होते.

पडेल म्हणून जागलेली रात्र

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उंची म्हणजे मनोरा, आणि मनोरा म्हणजे घंटा आणि क्रूस, असे समीकरण होते. माणसे राहतील वा काम करतील अशी इमारत उंच नेण्यास दोन अडचणी होत्या. एक म्हणजे जिने. सात-आठ मजले कोण रोज चढणार? दुसरी अडचण भिंतींची. सारा भार भिंतींवर असल्याने इमारत जितकी उंच तितक्या तळच्या भिंती जाड कराव्या लागत. दोर तुटला तरी खाली न कोसळणारी लिफ्ट आली आणि पहिली अडचण सुटली. शिकागोत १८८५ मध्ये धातूच्या सांगाड्यावर दहा मजली इमारत उभी राहिली आणि दुसरीही सुटली.

सिन्सिनाटीने यात एक निराळी भर घातली. मेल्व्हिल इंगल्स हे रेल्वे कंपनीचे अध्यक्ष. त्यांना सोळा मजली इमारत हवी होती, आणि एल्झनर व अँडरसन या वास्तुशिल्पकारांनी ती पोलादी सांगाड्याऐवजी सळ्या घातलेल्या काँक्रीटची करावी असे सुचविले. आपले ठेकेदार ज्याला 'आरसीसी' म्हणतात तेच हे काम. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण दिला की तडकते. पोलादी सळई ताण सोसते. दोहोंचे उष्णतेने होणारे प्रसरण जवळजवळ सारखे असते, म्हणून उन्हाथंडीत ती एकमेकांपासून सुटत नाहीत. अर्नेस्ट रॅन्सम यांनी पिळदार सळईचे पेटंट १८८४ मध्येच घेतले होते. पिळामुळे काँक्रीट सळईला घट्ट धरून ठेवते. हे सारे खरे असले तरी तोपर्यंत या पद्धतीने सहा मजल्यांच्या वर कोणी गेले नव्हते. वाऱ्याने इमारत मोडेल, किंवा स्वतःच्याच वजनाने बसेल, अशी भीती जाणते लोकही बोलून दाखवीत. शहराची परवानगी मिळविण्यातच दोन वर्षे गेली.

१९०३ मध्ये २१० फूट उंचीची इंगल्स इमारत पुरी झाली. जगातील काँक्रीटची पहिली गगनचुंबी इमारत ती हीच. आधाराचे टेकू काढावयाचे त्या रात्री एक बातमीदार बाहेर जागत बसला होता, इमारत कोसळल्याची बातमी सर्वांच्या आधी आपल्याला मिळावी म्हणून, अशी गोष्ट सांगतात. सकाळ झाली, इमारत जागच्या जागी होती. १९७४ मध्ये अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने तिला ऐतिहासिक वास्तूचा मान दिला. आज मुंबईपासून साओ पावलोपर्यंत लाखो कुटुंबे ज्या काँक्रीटच्या चौकटीत निर्धास्त झोपतात, त्या निर्धास्तपणाची एक कसोटी सिन्सिनाटीच्या फोर्थ स्ट्रीटवर लागली होती.

आम्हांस येथे पर्सेल बंधूंची आठवण होते. इंगल्स इमारतीवर लोकांचा विश्वास नव्हता, म्हणून तिचा प्रत्येक हिशोब दोन वर्षे तपासला गेला. फादर एडवर्ड यांच्यावर लोकांचा पूर्ण विश्वास होता, म्हणून चाळीस वर्षे कोणी तपासले नाही.

विम्याचा मनोरा आणि बाजाराचा मनोरा

१९११ च्या जानेवारीत शहरातील व्यापारी मंडळाची भव्य दगडी इमारत आगीत जळाली. प्रख्यात वास्तुशिल्पकार हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांची ती रचना होती. त्या मोक्याच्या जागेवर युनियन सेंट्रल या आयुर्विमा कंपनीने आपला मनोरा उभारला. कॅस गिल्बर्ट हे त्याच्या शिल्पकारांपैकी एक. न्यूयॉर्कची वूलवर्थ इमारतही त्यांचीच. दोन्ही इमारती १९१३ साली पुऱ्या झाल्या. युनियन सेंट्रलचा मनोरा ४९५ फूट उंच, म्हणजे महामंदिराच्या दुपटीहून अधिक. शिखरावर ग्रीक मंदिरासारखी स्तंभांची रांग आणि तिच्यावर पिरॅमिड. महामंदिराच्या दर्शनी भागाची जणू ही आठवणच, फक्त ती आता आकाशात नेऊन ठेवलेली.

वाचकहो, हा बदल आपण जरा थांबून पाहावा. १८४५ मध्ये शहरातील सर्वांत उंच वास्तू देवाची होती. १९१३ मध्ये ती आयुर्विम्याची झाली. यावर 'श्रद्धा संपली आणि पैसा आला' असा शेरा मारणे सोपे आहे. आम्हांस तो पुरा वाटत नाही. आपण मेलो तर मुलाबाळांचे काय, ही चिंता घेऊनच माणूस विमा उतरवितो. पूर्वी हीच चिंता घेऊन तो फादर एडवर्ड यांच्या दारी जात होता. याच शहरात १८८८ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न अँड सदर्न ही कंपनी कामकरी कुटुंबांकडून आठवड्याला थोडी थोडी रक्कम घेऊन विमा देत असे. चिंता तीच, माणसेही बरीचशी तीच. फक्त विश्वासाने पुढे केलेला हात आता दुसऱ्या दाराकडे वळला होता, आणि त्या दाराआड छापील पावती मिळत होती.

पुढला टप्पा कॅरू टॉवरचा. जुन्या 'मॅबली अँड कॅरू' दुकानाचे मालक जोसेफ कॅरू यांच्या नावाने हा मनोरा ओळखला जातो. तो बांधविला मात्र जॉन एमरी यांनी. दुकाने, कचेऱ्या, हॉटेल, मोटारी ठेवण्याची जागा, असे सारे एका संकुलात आणण्याची त्यांची कल्पना. सल्लागारांचा विरोध असतानाही एमरी यांनी आपल्याजवळचे रोखे विकून रोकड उभी केली. १९२९ च्या सप्टेंबरात काम सुरू झाले आणि ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला. रोखे विकले नसते तर ते मातीमोल झाले असते. विकल्यामुळे पैसा हाती होता आणि काम थांबले नाही. महामंदीच्या ऐन तोंडावर मजुरांना रोजगार मिळत राहिला.

तथापि मंदीची खूण इमारतीवर राहिलीच. तळच्या मजल्यांवर दगड आणि धातू यांचे उंची नक्षीकाम आहे. त्याच्यावर मात्र एकदम साधी वीट सुरू होते. पैसा जपावा लागला तो नेमका कोठून, हे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी दिसते. आतील मार्गिकेत शहरातीलच रुकवूड कारखान्याच्या रंगीत फरश्या आहेत. १९३० मध्ये पुऱ्या झालेल्या या ४९ मजली मनोऱ्याची उंची ५७४ फूट. शेजारचे नेदरलँड प्लाझा हॉटेल १९३१ च्या जानेवारीत उघडले. १९९४ मध्ये संकुलाला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

कॅरू टॉवर तब्बल ऐंशी वर्षे शहरात सर्वांत उंच राहिला. याचे कारण केवळ त्याची उंची नव्हे. बोटींचा जमाना सरला होता, रेल्वेने व्यापाराचे केंद्र शिकागोकडे नेले होते. शहराची लोकसंख्या १९५० मध्ये ५,०३,९९८ या शिखराला पोहोचली आणि मग उतरू लागली. महामार्ग झाले आणि लोक उपनगरांत गेले. महामार्गासाठी आणि नव्या औद्योगिक वसाहतीसाठी वेस्ट एंड भागातील जुनी वस्ती पाडली गेली, तेव्हा सुमारे २५,००० माणसांना, बहुतांशी कृष्णवर्णीयांना, घरे सोडावी लागली. आकाशरेषेच्या चित्रात ही घरे कधीच दिसली नव्हती, म्हणून ती गेलेलीही दिसली नाहीत. उंचीचा इतिहास लिहिताना सपाट झालेल्या गल्ल्यांची नोंद राहून जाते. ती येथे करून ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

खुद्द महामंदिरावरही या काळात पालटाची वेळ आली. वास्तू जीर्ण झाली, वस्ती पातळ झाली, आणि १९३८ मध्ये धर्मप्रांताचे मुख्य मंदिर हा मान संत मोनिका चर्चकडे गेला. पुढे आर्चबिशप कार्ल आल्टर यांनी जुन्या महामंदिराचा जीर्णोद्धार केला आणि १९५७ मध्ये त्याला तो मान परत मिळाला. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याला बॅसिलिकेचा दर्जा दिला.

राणीचा मुकुट

२०१० च्या जुलैत कॅरू टॉवरची उंची अखेर ओलांडली गेली आणि २०११ च्या आरंभी ग्रेट अमेरिकन टॉवर खुला झाला. उंची ६६५ फूट. हाही मनोरा विम्याचाच. बांधणारी वेस्टर्न अँड सदर्न, म्हणजे आठवड्याच्या हप्त्यांवर वाढलेली तीच कंपनी. आणि मुख्य भाडेकरू ग्रेट अमेरिकन ही दुसरी विमा कंपनी. शिखरावर पोलादाचा मोठा मुकुट आहे. राणी नगरीला मुकुट हवा, या विचाराने वास्तुशिल्पकार ग्यो ओबाटा यांनी इंग्लंडच्या राजकन्या डायना यांच्या मुकुटावरून तो सुचविला.

ओबाटा यांचे नाव कॅथलिक वाचकांनी आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. जपानी वंशाच्या या अमेरिकनाचे आईवडील दुसऱ्या महायुद्धात सरकारी छावणीत डांबले गेले. सेंट लुईस येथील विद्यापीठात प्रवेश मिळाल्याने तरुण ग्यो त्यातून वाचले. त्याच सेंट लुईसजवळ बेनेडिक्टाइन साधूंसाठी त्यांनी रचलेले मंदिर १९६२ मध्ये पुरे झाले. काँक्रीटच्या पातळ कमानींची तीन वर्तुळे एकावर एक, फुलाच्या पाकळ्यांसारखी. ज्या काँक्रीटला सिन्सिनाटीत कोणी सोळा मजल्यांचा भार पेलू देत नव्हते, ते साठ वर्षांत इतके हलके झाले.

एक आकडा मात्र आम्हांस अस्वस्थ करतो. १८९० मध्ये सिन्सिनाटीची लोकसंख्या २,९६,९०८ होती. तेव्हा शहरात एकही गगनचुंबी इमारत नव्हती. मुकुटाचा मनोरा उभा राहत होता त्या २०१० सालची लोकसंख्या २,९६,९४३. फरक अवघा पस्तीस माणसांचा! तेवढ्याच माणसांच्या डोक्यावर आकाशरेषा तिपटीने उंचावली. उंची वाढली म्हणजे शहर वाढले असे नव्हे.

सुदैवाने उतरण तेथे थांबली, आणि २०२० मध्ये आकडा पुन्हा तीन लाखांवर गेला. कचेऱ्यांची गरज घटल्याने जुने मनोरे आता घरांसाठी वापरात येत आहेत. युनियन सेंट्रलच्या मनोऱ्यात निवासी घरे झाली. कॅरू टॉवर २०२२ मध्ये नव्या मालकाकडे गेला तोही निवासी घरांच्या योजनेसह. ज्या मनोऱ्यांत दिवसा कारकून बसत, तेथे रात्री कुटुंबांचे दिवे लागावेत, हा पालट आम्हांस शुभ वाटतो.

पायऱ्यांची उंची

या शहरातील एक उंची कोणत्याही यादीत सापडत नाही. नगरीच्या पूर्वेस माउंट अॅडम्स नावाची टेकडी आहे. प्राध्यापक ऑर्म्सबी मिशेल यांनी नागरिकांकडून पंचवीस-पंचवीस डॉलरांची वर्गणी गोळा करून तेथे वेधशाळा उभारली; १८४३ मध्ये तिची कोनशिला माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांनी वयाच्या शहात्तराव्या वर्षी बसविली, म्हणून टेकडीला त्यांचे नाव. त्यांच्या त्या दिवशीच्या भाषणात कॅथलिकांविषयी कटू उद्गार होते. कारखान्यांच्या धुराने तारे दिसेनासे झाले तेव्हा वेधशाळा १८७३ मध्ये दूर हलविण्यात आली आणि ती जागा पॅशनिस्ट संघाच्या कॅथलिक मठाकडे आली! इतिहासाला अशी थट्टा अधूनमधून सुचते.

याच टेकडीवर निष्कलंक मरियेचे मंदिर आहे. समुद्रप्रवासात वादळात सापडले असता, सुखरूप परतलो तर नगरीतील उंच जागी मंदिर बांधीन, असा नवस आर्चबिशप पर्सेल यांनी केला होता, अशी परंपरा सांगते. १८५९ मध्ये काम सुरू होऊन पुढल्या वर्षी मंदिर पुरे झाले. इमारत साधी आणि लहानच. परंतु गुड फ्रायडेच्या दिवशी हजारो माणसे टेकडीच्या पायथ्यापासून पायऱ्या चढत येतात. प्रत्येक पायरीवर थांबून एक प्रार्थना म्हणतात आणि मगच पुढली पायरी चढतात. दीडशेहून अधिक वर्षे हा प्रघात चालू आहे. यात कॅथलिक असतात तसे इतरही असतात.

पर्सेल यांचे नाव दोन गोष्टींशी कायमचे जोडलेले आहे. एक बुडालेल्या ठेवींशी, दुसरी या पायऱ्यांशी. ठेवी बुडाल्या त्या वर्षानंतरही लोक पायऱ्या चढत राहिले, हे आम्हांस विशेष वाटते. त्यांतल्या कित्येकांचे पैसे गेले होते. त्यांनी माणसाची चूक आणि आपला देव यांची गल्लत केली नाही. आणि न्यायालयात जाऊन आपल्या पैशाचा हिशोबही मागितला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने करावयाच्या असतात, हे त्या अशिक्षित कामकऱ्यांना कळले होते.

मंदिराच्या अंगणातून समोर सारे शहर दिसते. मुकुट घातलेला विम्याचा मनोरा, अर्ध्यावर साधा झालेला कॅरू टॉवर, पिरॅमिड पेलणारी स्तंभांची रांग. या उंच इमारतींच्या मागे, पलीकडच्या बाजूस, १८४५ चा तो शुभ्र मनोरा आता कितीतरी ठेंगणा होऊन उभा आहे. एके काळी त्याच्याकडे साऱ्या नगरीला मान वर करून पाहावे लागे. आज तो मुद्दाम शोधावा लागतो. आपल्या मनोऱ्यांची उंची मोजताना आपणही त्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या वह्या एकदा उघडून पाहाव्यात, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.